जुन्या घराचा रंग खरवडला आणि टीव्ही शोच्या कंपनीला दंड बसला : अमेरिकेतला शिशाच्या रंगाचा नियम नेमका काय आहे?

हातात मोठा हातोडा, डोळ्यांवर गॉगल आणि समोर एक जुनाट घर. तो हातोडा भिंतीवर आपटतो, प्लास्टर कोसळतं, धुळीचा लोट उठतो आणि सगळे हसतात. अर्ध्या तासाने तेच घर एकदम चकाचक. इन्स्टाग्रामवर घर दुरुस्तीचे रील्स बघणाऱ्यांना हा फॉरमॅट तोंडपाठ असेल. अमेरिकेत तो गाजवला 'फिक्सर अप्पर' या शोने. टेक्सासमधल्या वेको शहरातलं चिप आणि जोआना गेन्स हे जोडपं जुनी घरं नवी करून द्यायचं. २०१३ मध्ये सुरू झालेला हा शो भलताच हिट झाला.

शो बघणाऱ्यांत अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए सुद्धा होती. तिने एपिसोडमधली दृश्यं तपासली. जुन्या घरात रंगाला हात लावताना जी काळजी घ्यायला हवी, ती पडद्यावर दिसत नव्हती. जून २०१८ मध्ये गेन्स यांच्या मॅग्नोलिया होम्स या कंपनीने ईपीएशी समझोता केला. आरोप वेकोमधल्या ३३ घरांच्या कामाबद्दल होते. ४० हजार डॉलर दंड भरायचा आणि वर १ लाख ६० हजार डॉलर खर्चून वेकोमधल्याच घरांतला शिशाच्या रंगाचा धोका काढून द्यायचा, असं ठरलं. कंपनीने कामाची पद्धत बदलली आणि चिप गेन्स यांनी या विषयावर जनजागृतीचा व्हिडिओही केला.

आता प्रश्न असा की, कुठेही गळती नाही, स्फोट नाही, कुणी दवाखान्यात नाही, मग नुसती भिंत फोडली म्हणून एवढा दंड का?

रंगात शिसं आलं कुठून?

शिसं रंगात कुणी चोरून घातलं नव्हतं. ते असणं ही चांगल्या रंगाची खूण समजली जायची. शिशापासून बनणारी पांढरी भुकटी तेलात कालवली की रंग दाट बसतो, खालचं लाकूड नीट झाकतो आणि पाऊस-ओल सोसतो. पिवळ्या-केशरी छटांसाठी लेड क्रोमेट वापरायचे. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं घालायचे. त्यामुळे घर जितकं ऐपतवाल्याचं, तितका त्यात शिशाचा रंग जास्त, असंही व्हायचं.

धोका कळला नव्हता असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डॉक्टरांनी १९०४ मध्येच मुलांच्या शिसे-विषबाधेचं बोट घराच्या व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्याकडे दाखवलं होतं. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर बंधनं घालणारा करार केला. अमेरिकेने मात्र घरगुती रंगातल्या शिशावर देशभर बंदी घातली ती थेट १९७८ मध्ये. कळल्यापासून वळेपर्यंत सत्तरेक वर्षं गेली, आणि या काळात कोट्यवधी खिडक्या-दारं त्याच रंगाने रंगवली गेली.

म्हणून अमेरिकेत जुन्या घराचा विषय निघाला की १९७८ हा आकडा येतोच. त्याआधी बांधलेलं घर म्हटलं की शिशाचा संशय धरायचा. पण सगळी जुनी घरं सारखी नसतात. ईपीए कायम वापरते त्या आकडेवारीनुसार १९४० च्या आधीच्या ८७ टक्के घरांत शिशाचा रंग सापडतो, १९४० ते १९५९ मधल्या ६९ टक्के घरांत, आणि १९६० ते १९७७ मधल्या फक्त २४ टक्के घरांत. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे पैशांचा हिशोब यांच्यावरच होणार आहे.

भिंतीवर बसलेला रंग चावत नाही

शिशाचा रंग घट्ट बसलेला असेल, वर दोन-चार नवे हात मारलेले असतील, पोपडे निघत नसतील, तर तो तिथे वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहू शकतो. धोका सुरू होतो तो त्याची धूळ झाल्यावर.

धूळ होते कशी? सगळ्यात मोठी गुन्हेगार म्हणजे खिडकी. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या लाकडी खिडकीत रंगावर रंग घासतो. प्रत्येक वेळी चिमूटभर भुकटी चौकटीच्या खोबणीत पडते, आणि तिथेच उभं राहून लहान मूल बाहेर बघत असतं. दारांचं, जिन्याच्या कठड्याचं तसंच. पण वर्षभर खिडकी सरकवून जेवढी धूळ होणार नाही, तेवढी एक कारागीर सॅण्डिंग मशीन लावून एका दुपारी करू शकतो.

जरा गणित करून बघू. अमेरिकी कायद्यात 'शिशाचा रंग' कशाला म्हणायचं, याची व्याख्या आहे : दर चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम शिसं, किंवा वजनाच्या ०.५ टक्के. एक चौरस फूट म्हणजे सुमारे ९२९ चौरस सेंटिमीटर. म्हणजे व्याख्येत जेमतेम बसणाऱ्या रंगाच्या फक्त एका चौरस फुटात ९२९ मिलिग्रॅम शिसं असतं. मायक्रोग्रॅममध्ये सांगायचं तर ९ लाख २९ हजार. एवढा तुकडा घासून त्याची भुकटी १० बाय १० च्या खोलीत सारखी पसरली, तर जमिनीच्या दर चौरस फुटावर जवळपास ९,३०० मायक्रोग्रॅम शिसं पडेल.

आता चालतं किती ते बघा. शिसं काढण्याचं काम झाल्यावर जमिनीवर किती धूळ राहिली तर घर 'पास', याचा अमेरिकेतला आकडा २००१ मध्ये दर चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम होता. पुढे तो १० वर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ईपीएने तो ५ वर आणणारा नियम जाहीर केला. खिडकीच्या कट्ट्यासाठी ४० आणि खोबणीसाठी १००. एका बाजूला ९,३०० आणि दुसऱ्या बाजूला ५. हातभर तुकड्याने अख्खी खोली नापास होते ती अशी. वर ही धूळ नजरेला दिसेलच असंही नाही. साधा झाडू ती उडवतो, आणि साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मागच्या बाजूने ती परत खोलीत येते.

रांगणारं मूल या जमिनीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिसं शरीराला कॅल्शियमसारखं भासतं, त्यामुळे ते रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचतं आणि हाडांत साठून बसतं. मोठ्या माणसाच्या तुलनेत मुलाचं शरीर ते कितीतरी जास्त प्रमाणात शोषून घेतं. परिणाम काय होतो? बुद्ध्यांक घसरतो, लक्ष लागत नाही, शाळेत मागे पडणं, चिडचिड. यातल्या एकाही गोष्टीवर 'शिसं' असं लेबल लागलेलं नसतं. पोट दुखणं, झटके येणं ही लक्षणं प्रमाण खूप वाढल्यावर दिसतात. बाकी वेळी पालकांना वाटत राहतं की पोरगं अभ्यासात कच्चं आहे, बस्स.

अमेरिकेच्या सीडीसीने रक्तातल्या शिशासाठी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम हा आकडा २०२१ मध्ये ठरवला. त्याआधी २०१२ पासून तो ५ होता. मात्र हा 'इथपर्यंत सुरक्षित' असा आकडा नाही. कोणत्या मुलांच्या रक्तात इतरांपेक्षा जास्त शिसं आहे, हे ओळखायची ती रेघ आहे. सुरक्षित पातळी अशी शास्त्रज्ञांना सापडलेलीच नाही.

नियम एक नाही, दोन आहेत

इथे अमेरिकेतले कंत्राटदारही गोंधळतात, त्यामुळे जरा सावकाश जाऊ.

दोन्ही नियमांचं मूळ एकच, १९९२ चा कायदा. पण एक नियम ईपीएचा आणि दुसरा गृहनिर्माण खात्याचा. या खात्याला तिकडे सगळे 'हड' म्हणतात.

ईपीएचा नियम २००८ मध्ये आला आणि २२ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो विचारतो की काम पैसे घेऊन केलंय का? १९७८ च्या आधीच्या घरात, किंवा लहान मुलं जातात अशा पाळणाघरासारख्या जागेत कुणी पैसे घेऊन रंग उखडणारं काम करत असेल, तर त्या फर्मकडे ईपीएचं प्रमाणपत्र हवं आणि कामावर प्रशिक्षण घेतलेला एक माणूस नेमलेला हवा. हे प्रशिक्षण आठ तासांचं असतं. फक्त रंगारीच नाही, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार सगळे यात आले. भिंतीत पाईप टाकायला खाच मारली तरी रंग उखडतोच ना. घरमालक स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करत असेल तर त्याला सूट आहे. मात्र भाड्याने दिलेल्या घरात मालक स्वतः हातोडा घेऊन उतरला, तर त्याला सूट नाही.

छोट्या कामाला सवलत आहे. आतल्या बाजूला एका खोलीत ६ चौरस फुटांपर्यंत, बाहेर २० चौरस फुटांपर्यंत. पण खिडकी बदलायची असेल तर ही सवलत मिळत नाही, मग ती खिडकी कितीही लहान असो. का, ते वर आलंच आहे.

काम कसं करायचं तेही ठरलेलं आहे. आधी घरात राहणाऱ्यांना माहितीपत्रक द्यायचं. पाटी लावायची. खोलीतलं सामान हलवायचं किंवा झाकायचं. कामाच्या जागेभोवती निदान ६ फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरायचं, बाहेर काम असेल तर १० फूट. एसीचे आणि हवेचे झरोके बंद करायचे. रंग जाळून काढायला उघडी ज्योत वापरायची नाही. हीट गन ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सिअसच्या वर न्यायची नाही. सॅण्डर, ग्राइंडर चालवायचा तर त्याला धूळ ओढून घेणारं हेपा फिल्टरचं व्हॅक्यूम जोडलेलं हवं. शेवटी हेपा व्हॅक्यूम, मग ओलं पुसणं. सगळं झाल्यावर पांढऱ्या ओल्या कापडाने जमीन आणि खिडकीचे कट्टे पुसायचे आणि कापडाचा मळकेपणा एका छापील कार्डाशी ताडून बघायचा. कापड कार्डापेक्षा काळं दिसलं तर परत साफसफाई. कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची.

या शेवटच्या पायरीवर टीका होत आलीय, आणि त्यात तथ्य आहे. कापड कोण तपासतो? ज्याने काम केलं तोच. आणि कार्ड दाखवतं मळ, शिसं नाही.

सरकारी पैसा आला की नियम कडक होतो

आता 'हड'चा नियम. तो १९९९ मध्ये आला आणि १५ सप्टेंबर २००० पासून लागू झाला. हा विचारतो की या दुरुस्तीत केंद्र सरकारचा पैसा आहे का? गरीब वस्तीतली जुनी घरं दुरुस्त करायला अमेरिकेत शहरांना, संस्थांना केंद्राकडून निधी मिळतो. तो पैसा घेतला की किती काळजी घ्यायची, हे रकमेवर ठरतं.

दर घरामागे ५ हजार डॉलरपर्यंत मदत असेल, तर ज्या पृष्ठभागाला हात लागणार तेवढाच तपासायचा किंवा तिथे शिसं आहे असं धरून चालायचं, काम सुरक्षित पद्धतीने करायचं आणि शेवटी तपासणी. ५ हजारांच्या वर आणि २५ हजारांपर्यंत असेल, तर सगळ्या घराची जोखीम तपासणी करायची आणि जिथे जिथे धोका सापडेल तिथे तात्पुरता बंदोबस्त करायचा. म्हणजे पोपडे काढून नीट रंगवणं, घासणारी खिडकी दुरुस्त करणं वगैरे. २५ हजारांच्या वर गेलं, की धोक्याचा कायमचा निकाल लावायचा. 'कायमचा' याचा अर्थ किमान २० वर्षं टिकेल असा : तो भाग काढून नवा बसवणं, रंग काढणं, किंवा वरून पक्कं बंद करून टाकणं. घराच्या बाहेरच्या भागाला कामात हात लागणार नसेल, तर तिथे तात्पुरता बंदोबस्त चालतो.

ही रक्कम मोजताना एक गंमत आहे, आणि याच जागी अनेक संस्थांचं बजेट गडबडतं. समजा चार बिऱ्हाडांची एक जुनी इमारत आहे. केंद्राची मदत ८० हजार डॉलर, म्हणजे बिऱ्हाडामागे २० हजार. प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च १ लाख २० हजार, म्हणजे बिऱ्हाडामागे ३० हजार. यातला कोणता आकडा धरायचा? कमी असलेला, म्हणजे २० हजार. इमारत मधल्या गटात आली, तात्पुरता बंदोबस्त पुरेसा झाला. आणि दुरुस्तीचा खर्च मोजताना शिशाच्या तपासणीचा आणि बंदोबस्ताचा खर्च त्यात धरायचाच नाही. नाहीतर शिशाची काळजी घेतली म्हणूनच आकडा फुगून वरच्या गटात गेलो, असा उफराटा न्याय झाला असता. नियम लिहिणाऱ्याने इथे डोकं वापरलंय, हे मान्य करावं लागेल.

'आमच्याकडे ईपीएचं प्रमाणपत्र आहे, म्हणजे झालं' असं कंत्राटदार म्हणतात, तिथे घोळ होतो. ईपीएची सवलत खोलीत ६ चौरस फुटांची, हडची फक्त २. ईपीएला कापड आणि कार्ड चालतं. हडला मात्र धुळीचे नमुने प्रयोगशाळेत गेलेले लागतात, आणि नमुने घेणारा माणूस काम करणाऱ्या कंत्राटदारापेक्षा वेगळा, स्वतंत्र असावा लागतो. रंग कोरडा खरवडायलाही हड मनाई करतं, विजेच्या बोर्डाजवळचा भाग वगैरे मोजके अपवाद सोडून. पाणी मारा, मग खरवडा. तपासणीत काय सापडलं, हे घरात राहणाऱ्यांना १५ दिवसांच्या आत लेखी कळवायचं. काम चालू असताना धोका असेल तर त्यांची दुसरीकडे राहायची सोय करायची.

सूट कुणाला? १९७८ नंतरच्या घरांना, शिसं नाही असं तपासून सिद्ध झालेल्या घरांना, आणि फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी असलेल्या किंवा वेगळी बेडरूम नसलेल्या घरांना. पण शेवटच्या दोन्ही ठिकाणी सहा वर्षांखालचं मूल राहत असेल तर सूट गेली.

तपासायचं की धरून चालायचं?

दोन्ही नियम एक पळवाट देतात. तपासणी न करता 'शिसं आहेच' असं गृहीत धरा आणि सगळं काम काळजीने करा. बऱ्याच जणांना हे सोपं वाटतं. तपासणीचे पैसे वाचले, असं.

इथे मघाचे टक्के आठवा. घर १९२० चं असेल तर शिसं असण्याची शक्यता इतकी मोठी आहे की धरून चालणं शहाणपणाचं. पण घर १९७० चं असेल तर चारातल्या तीन घरांत शिसं नसतंच. तिथे न तपासता सगळीकडे प्लास्टिक अंथरणं, वेगळं सफाई पथक, प्रयोगशाळेच्या फेऱ्या हा सगळा खर्च कदाचित उगाच. क्ष-किरणांवर चालणारं एक हातातलं यंत्र भिंतीवर टेकवलं की रंग न खरवडता, खालच्या थरांसकट शिसं किती ते काही सेकंदांत सांगतं. रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवणं हा दुसरा मार्ग. तपासणीसाठी मोजलेले पैसे कामात परत मिळू शकतात, फक्त निविदा काढायच्या आधी तपासायला हवं. कंत्राट दिल्यावर शिसं सापडलं, की काम थांबतं, दर बदलतात आणि भांडणं सुरू होतात.

नियम मोडला तर कोण सापडतं?

प्रत्यक्ष हातोडा चालवणारा एकटाच नाही. होम डेपो ही अमेरिकेतली घरसामानाची अवाढव्य कंपनी ग्राहकांना दुरुस्तीची सेवाही विकते आणि काम बाहेरच्या कंत्राटदारांकडून करून घेते. यातल्या काहींकडे प्रमाणपत्रं नव्हती, काहींनी सुरक्षित पद्धत पाळली नाही, असा ईपीएचा आरोप होता. सुरुवात झाली ग्राहकांच्या तक्रारींतून. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने २ कोटी ७ लाख ५० हजार डॉलर दंडावर समझोता केला. या नियमाखालचा तोपर्यंतचा तो सर्वात मोठा दंड. काम दुसऱ्याला दिलं म्हणून जबाबदारी जात नाही, हे त्यातून बाजाराला नीट कळलं.

कारागिरांच्या बाजूने बघितलं तर धूळ आधी त्यांच्याच नाकात जाते. मग कपड्यांवरून, बुटांवरून ती त्यांच्या घरी पोहोचते. ज्याचं घर दुरुस्त होतंय त्याच्या मुलाला वाचवलं, पण रंगाऱ्याचं मूल बाबांच्या शर्टाला बिलगलं, असं होऊ शकतं. म्हणूनच कामाचे कपडे कामावरच उतरवा, हात-तोंड धुऊन निघा, असं प्रशिक्षणात शिकवतात.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला याचं काय?

बरंच काही. एडिसन, जर्सी सिटीच्या पट्ट्यात अनेक मराठी कुटुंबं भाड्याने राहतात किंवा पहिलं घर घेतात, आणि तिथली कितीतरी घरं १९७८ च्या आधीची आहेत. न्यू जर्सीत २२ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशा भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी करून घेणं बंधनकारक आहे, काही ठरावीक अपवाद सोडून. भाडेकरू बदलला की किंवा दर तीन वर्षांनी. ज्या गावात मुलांच्या रक्तात जास्त शिसं आढळलंय तिथे धुळीचे नमुने घेतले जातात, बाकी ठिकाणी नजरेने पाहणी. घरमालकाकडे 'शिसे-सुरक्षित' असल्याचं प्रमाणपत्र मागायला काही हरकत नाही.

घर विकत घेणाऱ्यासाठी १९९६ पासून केंद्राचा वेगळा नियम आहे. शिशाबद्दल जे माहीत आहे ते विकणाऱ्याने लेखी सांगायचं, माहितीपत्रक द्यायचं आणि घेणाऱ्याला तपासणीसाठी १० दिवस द्यायचे. कागदांच्या गठ्ठ्यात हा फॉर्म येतो आणि लोक न वाचता सही करतात. ते १० दिवस सोडून देण्याचा पर्यायही त्याच फॉर्मवर असतो.

आणि आपल्याकडे?

भारतात १ नोव्हेंबर २०१६ ला अधिसूचना निघाली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम झाली, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. अमेरिकेत २००९ पासून नव्या रंगाला हीच मर्यादा आहे. डब्यावर तसं लिहिणंही बंधनकारक आहे. पण हा नियम विकल्या जाणाऱ्या नव्या रंगाचा आहे. दारावर आधीच बसलेल्या थरांबद्दल तो काही सांगत नाही. तिकडे १९७८ ही रेघ, आपल्याकडे २०१७. म्हणजे जेमतेम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं घरसुद्धा 'जुनं' धरायला हवं.

एक दिलासा आहे. आपल्याकडे भिंतींना पूर्वी चुना आणि डिस्टेंपर असायचं. भारतात झालेल्या तपासण्यांत पाण्यातल्या रंगांपेक्षा ऑइल पेंटमध्येच शिसं जास्त सापडत आलंय. त्यामुळे चाळीत, वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत संशय घ्यायचा तो आधी दारं, खिडक्या, ग्रिल, जिन्याचे कठडे, लोखंडी पाळणा आणि जुनं कपाट यांच्यावर. त्यातही गडद पिवळा, केशरी, हिरवा, लाल ऑइल पेंट.

गणपती-दिवाळीच्या आधी रंगकाम निघतं तेव्हा घरात काय चित्र असतं? रंगारी पत्तीने ग्रिल खरवडतोय, पॉलिश पेपर मारतोय, आणि मुलं त्याच खोलीत खेळतायत. अमेरिकी नियमातल्या महागड्या गोष्टी बाजूला ठेवल्या तरी काही पायऱ्यांना जवळपास खर्च नाही. खरवडण्याआधी पाणी मारायचं आणि वॉटर पेपर ओलाच घासायचा. खाली प्लास्टिक अंथरून शेवटी ते आतल्या बाजूने गुंडाळून टाकायचं. झाडू न मारता ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायचं, दर वेळी पाणी बदलून. खिडकीची खोबण विसरायची नाही. काम चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत, जमल्यास घरातच नकोत. नाकाला रुमाल बांधून रंगाऱ्याचा बचाव होत नाही, त्याला चांगला मास्क आणि हात धुवायला साबण द्यायचा. जुना रंग घट्ट असेल तर तो काढायचा हट्टच न धरता वरून नवा हात मारणं अनेकदा जास्त सुरक्षित ठरतं.

मुलाच्या रक्तातल्या शिशाची चाचणी मोठ्या शहरांतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. जुन्या घरात मोठी तोडफोड झाली असेल आणि घरात रांगणारं बाळ असेल, तर बालरोगतज्ज्ञांना तसं आवर्जून सांगायचं. मूल किरकिर करतंय, एवढ्यावरून घरी खिडक्यांचं काम झालंय हे डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो.